काशीभाईंचं गाऱ्हाणं

आमच्या घरात डोंगर चढणं ही हौस नव्हती. शिरगावातल्या आमच्या घरामागचा अर्धा डोंगर खाणीने खाल्ला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर आई मोळीला जायची. बाबा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक मालकाच्या अंगणात उभा राहिला आणि बाबा आमच्या. विहिरीचं पाणी तर त्याआधीच गेलं होतं. मग घर चाललं ते आईच्या डोक्यावरून: मोळ्या, काजूच्या बिया, पावसाळ्यात अळंबी. त्यावर मी बी.कॉम. झाले. आमच्या सगळ्या गोतात पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण न विचारता सांगायचा हक्क मी कमावलेला आहे.

पुढे वाळपईच्या एका सरकारी कचेरीत कारकून लागले आणि डिचोलीच्या ‘चालते पाय’ मंडळात नाव घातलं. रविवारी वर्गणी भरून डोंगर चढायला जाते म्हटल्यावर आई मोळीची दोरी गुंडाळता गुंडाळता थांबली.

“पैशे दिवन दोंगर चडटा? म्हाका सांग गो, हांव फुकट चडयतां. येतना मोळी पूण येतली.”

मंडळात सगळी पगारदार माणसं. बँकेतली, शाळेतली, तुयेच्या कारखान्यांतली. बुटांच्या किमतीवरून एकमेकांची पायरी ओळखणारी. डोंगर आला की आधी फोटो, मग पाणी, मग सुकामेवा, मग पुन्हा फोटो. तुळशीचं लग्न झालं, पाणी थोडं उतरलं की हे लोक सत्तरी तालुक्यातल्या ओढ्यांमध्ये शिरायचे. ओढ्यातून चालायचं, डोहात पोहायचं, आणि वझर आला, म्हणजे धबधबा आला, की कंबरेला पट्टा बांधून दोरावरून खाली उतरायचं. या सगळ्यांचे पुढारी काशीभाई.

काशीभाई पेडणे तालुक्यातले, तुयेजवळचे. तिथल्याच एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झाले, पण कारखान्याने नुसता माणूस सोडला. पिवळं हेल्मेट, लोखंडी टोकाचे बूट आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी सोडली नाही. अंगाने इतके बारीक की हेल्मेट आधी दिसायचं आणि खाली माणूस असेल असा अंदाज करावा लागायचा. हातात बारा महिने काळी छत्री. धबधब्यात उतरायला निघालेल्या माणसाने छत्री घ्यावी यावर कोणी हसलं, तर म्हणायचे, “हस बाबा. भिजल्यार कळतलां.”

पण हे सगळं चाललं असतं. काशीभाईंचा खरा जाच म्हणजे त्यांचं गाऱ्हाणं.

आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, एकाने मोठ्याने देवाकडे मागायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. घर बांधताना, नाटकाचा पडदा उघडताना, गाडी घेतली तरी. काशीभाईंनी ते ओढ्याच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. सगळ्यांना अर्धगोलात उभं करायचे, हेल्मेट काढायला लावायचे आणि छत्री काखेत मारून सुरू व्हायचे.

“बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझ्या वझरात दोरयेक लटाकतत…”

“व्हय म्हाराजा.”

“तेंचो पट्टो सुटाक देव नको, कडी उघडाक देव नको, पायाखालचो गुंडो हलाक देव नको…”

“व्हय म्हाराजा.”

इथपर्यंत ठीक. इथून पुढे काशीभाई एकेका माणसावर यायचे.

“ह्या मास्तराच्या झिलाक दहावीच्या गणितात पास कर. ह्या बँकवाल्याचां आणि तेच्या भावाचां भाटावरचां भांडण मिटव. ह्या बायेक सासू त्रास देता, त्या सासूक चांगली बुद्धी दी, नायतर वेगळी खोली दी.”

“व्हय म्हाराजा.”

म्हणजे देवापर्यंत पोचायच्या आधी ती बातमी अख्ख्या मंडळाला. भाटावरचं, म्हणजे माडांच्या बागेवरचं, भांडण ज्या भावाशी, त्याचा मेव्हणाही तिथेच उभा असायचा. बरं, रागावणार कसं? माणूस देवाशी बोलतो आहे, मध्ये तोंड घालता येत नाही.

ही गुपितं त्यांना कळायची कशी, तर एका शब्दावर. आमच्याकडे ‘मागीर’ म्हणतात, पेडण्याकडे ‘मगे’, म्हणजे ‘मग पुढे?’ “मगे?”

रांगेत काशीभाई कायम शेवटी चालायचे. ‘शेवटाक मी’ हा त्यांचा कायदा. जो दमला, मागे पडला, तो आपोआप त्यांच्या हाती सापडायचा. त्याला ते चल म्हणायचे नाहीत, बस म्हणायचे नाहीत. बाजूने चालत विचारायचे, “मगे? घरचां कसां काय?” तो सांगायचा, बरं आहे. काशीभाई चार पावलं गप्प. मग पुन्हा, “मगे?” दुसऱ्या ‘मगे’ला माणूस पाघळायचा. तिसऱ्याला घरातली भांडीकुंडी बाहेर. बोलता बोलता चढ कधी संपला ते त्याला कळायचं नाही, आणि वर पोचल्यावर आपण काय काय सांगून बसलो ते कळायचं.

माझा पहिलाच ट्रेक. शेवटच्या चढावर माझा श्वास लागला आणि मी ‘मगे’च्या तावडीत सापडले. मी सांगितलं की शिरगावहून वाळपईला रोज दोन बस बदलून जाते, बदलीचा अर्ज टाकला आहे, पण आमचे देसाईसाहेब तो टेबलाच्या खणातून वर काढत नाहीत. साहेब कामाला मंद आणि रागाला तेज. पुढच्या रविवारी काय झालं, तर तेच देसाईसाहेब वजन कमी करायला म्हणून मंडळात आले. माझ्या शेजारी उभे. मी काशीभाईंकडे डोळे मोठे करून बघत होते, पण त्यांचे मिटलेले.

“बा देवा म्हाराजा, ह्या बायेची बदली डिचोलेक होव दी. तिचो अर्ज तिच्या सायबान खणात दाबून ठेयलो हा. त्या सायबाचो राग कमी कर आणि हाताक जरा वेग दी.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सवयीने देसाईसाहेबही म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनी हळूच माझ्याकडे मान वळवली.

ती उतरण मी कशी उतरले मला आठवत नाही. सोमवारी साहेबांनी मला बोलावलं आणि अर्ज पुढे पाठवल्याचं सांगितलं. “देवाच्या फुड्यांत व्हय म्हणून बसलां,” ते म्हणाले, “आतां कितें करतलों?” बदली झाली नाही ती नाहीच, पण अर्ज खणातून निघाला. काशीभाईंनी ही गोष्ट पुढे वर्षभर प्रत्येक नव्या माणसाला सांगितली, साहेबांच्या देखत.

दुसरा कायदा फोनचा. ट्रेक संपला, माणसं आपापल्या घरी गेली, की प्रत्येकाने काशीभाईंना फोन करून एक शब्द सांगायचा: पोचलो. निरोप चालायचा नाही, तोंडाने सांगायचं. “कारखान्यातसून माणूस भायर पडलो म्हणजे ड्युटी संपली असां नाय. दारात पोचलो म्हणजे संपली.” मी एकदा विसरले. आंघोळ करून, जेवून आडवी झाले होते, तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. हेल्मेट, शिट्टी, छत्री. तुयेहून शिरगाव, मधला सगळा रस्ता.

“पोचलंस?” दारातूनच.

“पोचले.”

“मगे तोंड खय गेलां होता?”

आईने त्यांना आत बसवलं, चहा आणि उंडो, म्हणजे गोल पाव, दिला. त्यांनी उंडो चहात बुडवला आणि आईला म्हणाले, “मगे?” झालं. आईने खाण, विहीर, मोळ्या, माझ्या फीसाठी मोडलेल्या पाटल्या, बाबांचं लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणं, सगळं सांगितलं. जे आईने मलाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. तास झाला तरी माणूस हलेना. शेवटी मी पुढचा दिवा मालवला आणि भांडी आपटली, तेव्हा उठले. आई म्हणाली, “बरो मनीस. पूण हाका घरा वचपाची घाय ना काय कितें?” मी म्हटलं, दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची सवय, दुसरं काय.

आता मुख्य गोष्ट. दोरावरून उतरणाऱ्या मंडळाचे हे पुढारी स्वतः कधी दोरावरून उतरले नव्हते.

एकदाही नाही. वझराच्या माथ्यावर छत्री उघडून बसायचे. प्रत्येकाचा पट्टा ओढून बघायचे, कडी वाजवून बघायचे. शेवटचा माणूस उतरला की दोर सोडून खाली टाकायचे आणि स्वतः गुरांच्या वाटेने वळसा घालून यायचे. आम्ही खाली ओलेचिंब, थरथरत, आणि हे कोरडे, छत्री टेकत, काखेत पावांची पिशवी घेऊन अवतरायचे, आणि पहिलं वाक्य असायचं, “तुझो डावो पाय चुकलो.”

का उतरत नाही विचारलं तर उत्तर तयार. “दोर कोण सोडतलो?”

दोराचं काम बघायचा संदेश. कोल्हापूरकडचा, तुयेच्या कारखान्यात मशीनवर, आणि या उतरण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला. तो म्हणायचा, “काशीभाई, दोर दुहेरी घातला की खालनं ओढून घेता येतोय. वर कुणी लागत न्हाई.” त्या वेळी काशीभाईंना ऐकू यायचं नाही. शिट्टी मात्र वाजायची.

मंडळाच्या बैठकीत हा विषय मीच काढला. मी स्पष्ट बोलते. आमच्या घरात आडून बोलण्याइतका वेळ कोणाकडे नव्हता. मी म्हटलं, जो स्वतः उतरत नाही त्याने आमच्या डाव्या पायाची चूक का काढावी? पुढारी असेल तर उतरावं, नाहीतर पुढारीपण संदेशला द्यावं. मला आजही त्यात काही चूक वाटत नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं. ज्यांची गुपितं देवाच्या नावाने चव्हाट्यावर आली होती त्यांच्या तर फारच मनात होतं. देसाईसाहेबांनी लगेच हात वर केला, इतक्या वेगाने की देवाने त्यांच्या हाताला खरंच वेग दिला असावा. ठरलं: मोसमातला पहिला मोठा वझर काशीभाईंनी उतरायचा. नाहीतर शिट्टी संदेशच्या गळ्यात.

काशीभाईंनी ऐकून घेतलं. छत्रीच्या टोकाने फरशीवर काहीतरी कोरल्यासारखं केलं. म्हणाले, “बरां.” मगे नाही, काही नाही.

तो वझर वाळपईच्या पलीकडे, रानात बराच आत. वर कातळ सपाट, मधून पाणी, आणि एकदम खाली पडलेली उभी भिंत. खाली हिरवा डोह. सगळे फोटो काढत होते. काशीभाई त्या दिवशी रांगेत शेवटी चालले, पण कोणाला काही विचारलं नाही. मी मुद्दाम मागे राहिले तर म्हणाले, “चल बाय, बघून चल.” इतकंच. मला वाटलं, रुसले आहेत.

वर पोचल्यावर त्यांनी कातळावर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. खोबरं वाटलं. संदेशने दोर बांधला. पहिला माणूस पट्टा अडकवून कडेला गेला, तेवढ्यात पलीकडच्या तीरावरून आवाज आला.

“ए, नाल्ल खंय फोडलो?”

एक म्हातारी, हातात कोयती, पायाशी हिरव्या पाल्याचा भारा. काशीभाईंनी कातळ दाखवला.

“ती हद्द आमची न्हय,” म्हातारी म्हणाली. “व्हाळाच्या त्या वटेन तो गांव, ह्या वटेन हो. वझर आमचो. राखणदार ह्या वटेन बसता. शेजाऱ्याच्या दारांत नाल्ल फोडलो आनी भितर सरतात आमच्या घरांत?”

संदेशने माझ्याकडे बघितलं. देसाईसाहेबांनी घड्याळाकडे. बँकवाला म्हणाला, देव काय सगळीकडे एकच. पण काशीभाईंचा चेहरा असा उतरला, जसा कारखान्यात कोणी हेल्मेटशिवाय शिडीवर दिसल्यावर उतरत असेल. त्यांनी शिट्टी मारली. कड्यावरचा माणूस मागे आला.

“काम बंद,” काशीभाई म्हणाले. “परमिट चुकीच्या जाग्याचां. रद्द.”

उंचीवरच्या कामाला कारखान्यात आधी परमिट, म्हणजे लेखी परवानगी, लागतं, हे आम्ही त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवू. आम्ही सगळे बूट भिजवत ओढा ओलांडून म्हातारीच्या तीरावर गेलो. काशीभाईंच्या पिशवीत दुसरा नारळ निघाला. स्पेअर ठेवल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नाही. तो म्हातारीने दाखवलेल्या दगडापुढे ठेवला. आम्ही हेल्मेटं काढली. काशीभाई छत्री टेकून मागे सरले.

“घाला की,” संदेश म्हणाला.

“मी नाय. एकदा चुकलेल्यान त्याच दिसाक परत घालूचां नाय.” आणि मग, नारळाकडे बघत, “आणि आज मी उतारतंय. जो उतारता तेणा आपलां परमिट आपणच सही करूचां नाय. दुसऱ्यान घालूक होया.”

“मग कुणी?”

काशीभाईंनी छत्री उचलून माझ्याकडे रोखली. “मिटींगीत मोठ्यान बोलता ती ही. घाल, बाय.”

मी गाऱ्हाणी आयुष्यभर ऐकली, घातलं कधी नव्हतं. बायका घालतात का, हा प्रश्न कोणाच्या तोंडावर आला, पण म्हातारीच्या हातात कोयती होती आणि ती मान डोलावत होती. मी डोळे मिटले. मी कारकून. तोंडातून आलं ते असं:

“देवा महाराजा, आज येथे जमलेल्या सर्वांच्या वतीने आपणांस विनंती करण्यात येते की…”

“व्हय म्हाराजा,” लोक म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं.

“…सर्वांचा दोर, पट्टा व कडी सुस्थितीत राहावी.”

“व्हय म्हाराजा.”

मग एकेक माणूस. आणि इथे मला नवल वाटलं, की मला सगळं येत होतं. मास्तरांचा मुलगा दहावी सुटला होता, आता आयटीआय. बँकवाल्याचं भाट. त्या बाईची सासू आता अंथरुणावर होती आणि तीच तिचं सगळं करत होती. देसाईसाहेबांचा रक्तदाब. संदेशच्या आईचा गुडघा, आणि गावी घर पुरं व्हायचं राहिलं आहे ते. माझी बदली. सगळं काशीभाईंच्या तोंडून ऐकलेलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, गाडी रुळावर चालली होती.

मग काशीभाईंची पाळी आली आणि माझं तोंड थांबलं.

मला काहीच माहीत नव्हतं. पिवळं हेल्मेट. शिट्टी. छत्री. तुये. यापुढे काय मागायचं? मी डोळे उघडून इतरांकडे बघितलं. बँकवाला दोराकडे बघत होता. देसाईसाहेबांनी खांदे उडवले. कोणालाच माहीत नव्हतं. ज्याने आम्हा सगळ्यांची घरं देवापुढे मांडली, त्याचं घर कसं आहे ते आमच्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, “मगे, काशीभाई?”

ते हसले. “माझां काय आसा.”

मी चार पावलांइतकी गप्प राहिले. त्यांच्याकडूनच शिकलेली गोष्ट. मग पुन्हा, “मगे?”

पाण्याचा आवाज होता, त्यामुळे सगळे थोडे पुढे सरकले.

“बायल गेली माझी,” काशीभाई म्हणाले. “थोडी वर्सां झाली. चेडू भायर, तिकडे लंडनाक. बरां चल्लां तिचां. मी घराक पोचतंय त्या वेळाक ती कामार असता, फोन करूक मेळणा नाय.” छत्रीचं टोक दगडावर टेकवलं. “तुमचे फोन येतत मगे. पोचलंय, पोचलंय, पोचलंय. एकेकाचो ऐकतंय. सगळे पोचले काय मगे मी पोचतंय. कुलूप काडतंय. आता मी पोचलंय, तां कोणाक सांगूचां? तितक्यां विचार देवाक. दुसरां काय नाय.”

‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. कोयतीवाली म्हातारीच पहिली म्हणाली, आणि मला म्हणाली, “घाल गो. कित्याक रावलां?”

मी कारकुनी सोडली. “देवा म्हाराजा, ह्या काशीभाईंक पोचल्याचां सांगूक कोण तरी दी.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी कोणी हसलं नाही.

आम्ही एकेक करून उतरलो. आज वर शेवटी संदेश, आणि त्याच्याआधी काशीभाई. खाली डोहाच्या काठावर आम्ही माना वर करून उभे होतो. सगळ्यात आधी उतरली ती छत्री, दोराला बांधून, एकटी. मग कड्यावर पिवळं हेल्मेट दिसलं. स्वतःलाच दटावत होते, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. “काशिनाथ, पट्टो बघ. काशिनाथ, कडी बघ. बघितलंस? परत बघ.” वरून संदेश म्हणाला, “बघितलासा न्हवं? आता उतरा, न्हाईतर सांजंला रानातच.” आणि मग ते कड्यावरून मागे झुकले, डोळे घट्ट मिटून.

अर्ध्यावर थांबले. पाणी हेल्मेटवर पडत होतं. ना वर, ना खाली. दोन्ही हातांनी दोराला असे बिलगले की दोर घाबरला असेल. खालून आम्ही ओरडलो, पाय सरळ ठेवा, हात सैल सोडा; डावा पाय चुकला असं म्हणायची ही एकमेव संधी होती, पण देसाईसाहेबांनीही ती घेतली नाही.

मग वरून संदेशचा आवाज आला, एकदम शांत, जसा मागे पडलेल्या माणसाच्या बाजूने चालताना यावा तसा.

“मगे, काशीभाई? लेकीचं नाव काय म्हणालासा?”

मग पाण्यातून, “वासंती.”

“नोकरी कसली करती?”

“दवाखान्यात. नर्स.”

“मगे?”

आणि एक पाय खाली आला. मग दुसरा. वासंतीला दोन मुलं. थोरल्याला कोकणी कळतं, बोलत नाही. तिकडे मासे मिळतात, पण त्यांना चव नाही. आईच्या हातचं तिखलं तिला जमत नाही. अशी वासंती सगळी सांगून झाली तेव्हा काशीभाईंचे लोखंडी टोकाचे बूट डोहाच्या काठाच्या दगडाला लागले. त्यांनी डोळे उघडले, वर बघितलं, आणि वर ओरडून म्हणाले, “संदेश, वर दोर बांधलेलो अँकर परत तपासलंस काय रे?”

शिट्टी त्यांच्याच गळ्यात राहिली. ते कोणी ठरवलं नाही, कोणी विरोधही केला नाही.

वाळपईला निरोप घेताना मी त्यांना बाजूला घेतलं आणि त्यांच्याच आवाजात बजावलं, “घरी पोचल्यावर आमच्याकडे फोन करायचा. निरोप नको, तोंडाने. नाही केलात तर मी बस बदलत तुयेला येईन.”

त्यांनी छत्री झटकली, जरी ती एव्हाना वाळली होती.

संध्याकाळी मी मागच्या दारी ओले बूट वाळत घालत होते, तेव्हा फोन वाजला. आईने उचलला. पलीकडून एकच शब्द आला असणार, कारण आईने मान हलवली. मी हात पुसून फोन घ्यायला पुढे झाले, पण आईने मला हाताने थांबवलं, चुलीपाशी पाट ओढून नीट बसली आणि म्हणाली,

“बरें जालें. मागीर?”

काशीभाई वझर उतरले. घरी पोचले. आणि पोचल्याचं त्यांनी सांगितलं.